४१३००१ : सोलापूरच्या पिनकोडात दडलेले वर्ग

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या आखणीत पहिले तीन अंक टपालाची छाननी होणारा जिल्हा दाखवतात, पुढचे तीन वाटप करणारं कार्यालय. ४१३ म्हणजे सोलापूर आणि ००१ म्हणजे तिथलं मुख्य टपाल कार्यालय. अंक जुळवले ते पत्त्यासाठी, पण संख्या निघाली मोठी गमतीची : ती दोन वर्गसंख्यांची बेरीज आहे, तीही दोन प्रकारे. ते पाहायला आधी तिचे अवयव पाडू.

अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो आणि उरतात ४५८८९. हा ९ आधी काढून टाकावा. नाहीतर वर्गमूळ ६४२ च्या पुढे जातं आणि ११६ मूळ संख्या तपासाव्या लागतात. काढल्यावर वर्गमूळ २१४, मूळ संख्या ४७. ७, ११ आणि १३ एका फटक्यात निकाली निघतात, कारण त्यांचा गुणाकार १००१, म्हणून तीन-तीन अंकांच्या गटांची वजाबाकी तपासली की पुरतं. ४१३ मधून ००१ वजा केले की ४१२, आणि त्याला तिघांपैकी कोणानेच भाग जात नाही. पुढे थेट १०९ पाशी भाग जातो : ४१३००१ = ३² × १०९ × ४२१.

१०९ आणि ४२१ यांना ४ ने भागल्यास बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, असं फ्रेंच गणिती फर्माने २५ डिसेंबर १६४० च्या पत्रात मर्सेन या दुसऱ्या फ्रेंच विद्वानाला कळवलं. सिद्धता स्विस गणिती ऑयलरने १७४९ मध्ये पुरी केली. १०९ = १०² + ३², ४२१ = १५² + १४². अशा दोन बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांचीच बेरीज होतो. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये दिलेली ‘भावना’ ही गुणाकाराची रीत याहून व्यापक. तिच्यात प्रकृती, म्हणजे एका वर्गाला गुणणारी ठरलेली संख्या, उणे १ घेतली की हेच सूत्र मिळतं. १०×१५ आणि ३×१४ यांची वजाबाकी १०८, तर १०×१४ आणि ३×१५ यांची बेरीज १८५. चिन्हं उलटी केली की १९२ आणि ९५. दोन्हीकडे बेरीजच घेतली तर गणित फसतं. शेवटी ३ ने गुणून :

४१३००१ = ३२४² + ५५५² = ५७६² + २८५²

संख्या दोन वेगळ्या प्रकारे अशी मांडता आली तर ती मूळ नाही, आणि तिचे अवयवही हाती येतात. एकदा स्वतःच मूळ म्हणून नोंदवलेली १०००००९ ऑयलरने याच रीतीने फोडली : २९३ × ३४१३. आपल्या संख्येत ५७६ − ३२४ = २५२, ५५५ − २८५ = २७०, मसावि १८. त्याने भागल्यावर १४ आणि १५. त्यांच्या वर्गांची बेरीज ४२१, म्हणजे एक अवयव.

अवयव ठाऊक नसताना हे वर्ग शोधायचे तर ४५८८९ चा शेवटचा अंक ९ उपयोगी पडतो : दोनपैकी एक संख्या ५ च्या पटीतच हवी. ५, १०, १५ असं चढत गेलं की ९५ एकोणिसाव्या प्रयत्नात सापडतो, १८५ सदतिसाव्या, आणि अवयवांसाठी दोन्ही हवेत. १०९ मात्र एकोणतिसावी मूळ संख्या. तेव्हा खरं सांगायचं तर इथे साधा भागाकारच लवकर उरकतो.

पंढरपूरच्या ४१३३०४ ला हे भाग्य नाही. त्याला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. ४ ने भागल्यास बाकी ३ उरणारा मूळ अवयव जोडीनेच यावा लागतो, म्हणून तेवढ्यानेच दोन वर्गांची वाट बंद.