ब्रॉयलर कोंबड्यांचे पायाचे आजार आणि त्यांचा प्रतिबंध

मांसासाठी पाळलेल्या कोंबड्या लंगडतात, पाय वाकडे होतात, पिल्लू एका जागी बसते ते उठतच नाही, या सगळ्याला मिळून पायाचे आजार म्हणतात. मुळात कारण वाढीचा वेग आहे, ४० ग्रॅमचं पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जाते, मांस भरते पण हाडं त्या हिशोबाने पक्की होत नाहीत. हाड एकदा वाकलं की औषधाने सरळ होत नाही, म्हणून काळजी पहिल्या पंधरा दिवसांतच घ्यायची.

ब्रूडरमध्ये, म्हणजे लहान पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत, गुळगुळीत पेपर अंथरू नये, पिल्लं घसरून पाय फाकतात. पहिला आठवडा गेला की रात्री ४ ते ६ तास लाईट बंद ठेवावा. वजन कमी होईल म्हणून बरेच जण रातभर बल्ब चालू ठेवतात, पण अंधारात पिल्लं आराम करतात, सुरुवातीची वाढ थोडी मंदावते, हाडांना वेळ मिळतो आणि वजन पुढे भरून निघते.

विदर्भात खरी गडबड लिटरची, म्हणजे शेडमध्ये जमिनीवर अंथरलेल्या थराची होते. भंडारा-गोंदियाकडे राइस मिलचं तूस भरपूर मिळते, ते दोन-तीन इंच टाकतात, पण पावसाळ्यात ते भिजते आणि उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की फॉगरच्या (गारव्यासाठी बारीक तुषार मारणाऱ्या नळ्यांच्या) पाण्याने पुन्हा ओलं, मग अमोनिया सुटतो अन् तळपायाला जखमा होतात. मुठीत दाबलेल्या तुसाचा गोळा तसाच राहिला तर ओल जास्त समजावी. लिटर रोज खालीवर करा, गोळे झालेलं बाहेर फेका, पाणी पिण्याचं निपल (चोच लावली की पाणी देणारी तोटी) गळते का ते पाहा. पक्ष्याला कमीत कमी एक चौरस फूट जागा पाहिजेच, उन्हाळ्यात जास्त.

घरी फीड बनवणाऱ्यांनी कॅल्शियम, फॉस्फरस आणि व्हिटॅमिन डी३ अंदाजाने टाकू नये. मँगनीज किंवा कोलीन कमी पडलं की घोट्यामागची शीर सरकते, व्हिटॅमिन बी२ कमी पडलं की बोटं आत वळतात, हे मात्र लवकर लक्षात आलं तर सुधरते. बुरशी लागलेला मका अजिबात वापरू नका.

घोटा सुजून गरम लागला तर जंतू किंवा विषाणूचा संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. बसलेलं पिल्लू निपलपर्यंत पोचत नाही, तहानेनेच मरते, त्याला वेगळं काढून पाणी-खाद्य खाली भांड्यात ठेवा.