बेरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतरची अतिकृशता आणि कुपोषण

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर वजन अपेक्षेपेक्षा जास्त उतरणे, किंवा शरीरात प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वे यांची तूट पडणे. या दोन गोष्टी बरोबरच येतील असे नाही. नव्वद किलोचा माणूसही आतून कुपोषित असू शकतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने वजन उतरते आणि मग स्थिरावते. त्यानंतरही काटा खाली जात राहिला, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) १८.५ च्या आसपास आला, पावले सुजू लागली किंवा हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तर तपासणी लांबवू नये. प्रथिनांअभावी अंगात पाणी साठले की काटा फसवतो. स्नायू झिजत असतात आणि वजन मात्र तेवढेच दिसते.

तुटीचे स्वरूप शस्त्रक्रियेवर अवलंबून असते. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होत असल्याने भूकही मंदावते. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी थेट पुढच्या आतड्याला जोडतात. लोह आणि कॅल्शियम प्रामुख्याने जिथे शोषले जाते, तो लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग त्यामुळे वगळला जातो. मिनी बायपासमध्ये (बायपासचाच, पण आतड्याला एकच जोड देणारा प्रकार) वगळलेले आतडे जितके लांब, तितकी कुपोषणाची जोखीम जास्त. वैद्यकाने हा धडा फार पूर्वी घेतला आहे. १९५० च्या दशकात सुरू झालेली, जवळजवळ सगळे लहान आतडे वगळणारी शस्त्रक्रिया यकृत निकामी होणे आणि कुपोषण यांमुळे पुढे सोडून द्यावी लागली.

इंदूरसारख्या शहरात हा आजार उशिरा लक्षात येण्याचे एक कारण घरगुती आहे. हळदीकुंकवाला भेटलेली प्रत्येक बाई ‘किती बारीक झालीस गं!’ म्हणून कौतुक करते. त्या कौतुकात गळणारे केस, जिना चढताना लागणारी धाप आणि ताटात उरलेले वरण कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास केस गळणे बहुधा तात्पुरते असते, पण ते थांबलेच नाही तर लोह, जस्त आणि प्रथिने तपासावीत. दुसरे कारण ताटातले. सकाळी शेव घातलेले पोहे आणि जिलेबी, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, रात्री सराफ्यातल्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद. यांतल्या कशातच प्रथिने पुरेशी नाहीत, आणि एवढ्याशा जठरात दोन-चार घासांतच जागा संपते. बायपासनंतर जिलेबीसारख्या गोडाने धडधड, घाम आणि चक्कर येऊ शकते. तसा अनुभव एकदा आला की काही जण खाण्यालाच भिऊ लागतात. शाकाहारी घरांत बी-१२ मुळात कमी असते. त्यामुळे एरवी यकृतातल्या साठ्यावर काही वर्षे निभावले असते, ती तूट इथे लवकर उघडी पडते.

सर्वांत घातक तूट थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची. त्याचा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. शस्त्रक्रियेनंतर रोज उलट्या होत असतील तर तो महिन्याभरातही संपू शकतो. मग चाल अडखळते, एकाचे दोन दिसते, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. अशा वेळी घरचे जवळच्या दवाखान्यात नेऊन ‘अशक्तपणा आलाय, सलाईन लावा’ म्हणतात, आणि थायमिन न देता ग्लुकोज चढवले तर मेंदूची इजा वाढू शकते. म्हणून आधी किंवा निदान बरोबरीने शिरेतून थायमिन द्यायचे असते, रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता. रोग्याच्या घरच्यांनी एवढी एक गोष्ट जरी पाठ केली तरी चालता माणूस कायमचा अधू होण्यापासून वाचू शकतो.

उपचाराआधी कारण शोधतात. जोडाची जागा आकसणे, तिथे व्रण होणे (तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्यांनी तो बळावतो), आतड्यात जंतूंची अवाजवी वाढ, नैराश्य, दारू ही नेहमीची कारणे. आपल्याकडे क्षयरोगाची शंकाही घ्यावीच लागते. प्रत्येक घट शस्त्रक्रियेच्या माथी मारणे धोक्याचे आहे.

आहारात रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. घासांचा क्रम बदलावा: आधी पनीर, अंडे, घट्ट वरण किंवा मोडाचे मूग, भात-पोळी शेवटी. पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाने घ्यावे. बायपासनंतर सहसा कॅल्शियम १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम आणि लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम रोज लागते. या दोन गोळ्यांत दोन तासांचे अंतर हवे. बी-१२ गोळीने भागले नाही तर इंजेक्शन देतात. उपवास, निदान पहिल्या वर्षी, करू नयेत. पुष्कळ दिवस उपाशी राहिलेल्या रोग्याला मात्र एकदम भरपूर खाऊ घालू नये. रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरून हृदयाची लय बिघडते. त्यामुळे इस्पितळातच, रक्त तपासत, अन्न हळूहळू वाढवतात. तोंडाने भागत नसेल तर नळीने किंवा शिरेतून पोषण देतात. तरीही वजन धरत नसेल, तर वगळलेले आतडे पुन्हा वाटेत घेणारी शस्त्रक्रिया करतात, पण रोग्याची तब्येत थोडी सावरल्यावरच.

गर्भधारणा १२ ते १८ महिने पुढे ढकलावी. रक्ततपासणी पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा, जन्मभर करावी लागते. इंदूरची अनेक वडीलधारी मंडळी पुढे मुलांकडे पुण्या-मुंबईला राहायला जातात. त्यांनी शस्त्रक्रियेचा कागद जवळ ठेवावा. कोणता प्रकार केला आणि किती सेंटिमीटर आतडे वगळले, हे नव्या डॉक्टरला पोटावरच्या व्रणांवरून कळत नाही.