महागडी लेन्स म्हणजे विशीतली नजर नव्हे

मोतीबिंदू काढताना मल्टिफोकल, म्हणजे जवळचं आणि दूरचं दोन्ही दाखवणारी कृत्रिम लेन्स बसवली की चष्मा कायमचा सुटतो आणि नजर विशीतल्यासारखी होते, हे म्हापशाच्या बाजारापासून फोंड्यापर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. अर्धंच खरं.

विशीतलं आपलं भिंग आकार बदलून जवळ-दूर फोकस करतं. ही लेन्स आकार बदलत नाही. बहुतेक प्रकारांत तिच्यावरची बारीक गोल वलयं येणारा प्रकाश दूरच्या आणि जवळच्या नजरेसाठी वाटून देतात. वाटणी झाली की प्रत्येकाचा वाटा कमी होणारच! म्हणून कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिकट-गडद यांतला दिसणारा फरक, घटतो. मंद उजेडात मेनूकार्डावरची फिकट अक्षरं पुसट वाटतात. पावसाळी रात्री जुवारी पुलावर समोरच्या हेडलाइटभोवती प्रभावळ दिसू शकते. बहुतेकांचा मेंदू काही महिन्यांत सरावतो, सगळ्यांचा नाही. रात्री टॅक्सी चालवणाऱ्याने हे डॉक्टरांशी आधीच बोलावं.

काचबिंदू असेल किंवा मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडला असेल तर ही लेन्स सहसा टाळतात. साध्या मोनोफोकलला, म्हणजे एकाच अंतरावर फोकस करणाऱ्या लेन्सला, हलकी म्हणणं मात्र अन्याय आहे. दूरचं ती छान दाखवते, प्रभावळीचा त्रासही कमी. वाचायला तेवढा चष्मा लागतो. आणि गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक छपाई वाचायला मल्टिफोकलवालेही कधीकधी चष्मा शोधतात.