क्योतोच्या गल्लीत पाहुण्याचा जामीन कोण?

जपानमधल्या क्योतो शहराच्या गिओन भागातल्या ओचायात, म्हणजे जिथे गेइको (नृत्य-संगीताच्या कलावंत) आणि माइको (त्यांच्या शिकाऊ मुली) यांच्या बैठका होतात त्या चहाघरांत, अनोळखी माणसाला आजही सहसा दारातूनच परत पाठवतात. पर्यटकांना यात शिष्टपणा दिसतो, पण त्यामागे साधा उधारीचा व्यवहार आहे. ओचायात सहसा स्वयंपाक होत नाही. जेवण बाहेरच्या आचाऱ्याकडून येतं, कलावंत त्यांच्या त्यांच्या ओकियातून, म्हणजे राहत्या कलावंत-घरातून, येतात, परतीची टॅक्सीही चहाघरच बोलावतं. हा सगळा खर्च मालकीण आधी पदरचा करते आणि बिल मागाहून पाठवते. पाहुण्याने पैसे बुडवले, तर ज्याने त्याची ओळख करून दिली त्याने ते भरायचे. म्हणून आधी ओळख, मग पाहुणचार.

कुणीतरी पाहुण्याची हमी घ्यायची, ही रीत चहाघरांपुरती नाही. ओनिन या यादवी युद्धात (१४६७–७७) क्योतो शहराची राखरांगोळी झाली. पुढच्या काळात व्यापारी आणि कारागिरांनी आपापल्या वस्त्या स्वतःच उभ्या केल्या आणि सांभाळल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची समोरासमोरची घरं मिळून एक ‘चो’ होत असे. चोचे लेखी नियम असत: घर विकायचं तर बाकीच्यांची संमती हवी, अमुक धंदा इथे चालणार नाही. बंद पडलेला गिओन उत्सव १५०० मध्ये पुन्हा सुरू झाला, तोही याच मंडळींच्या बळावर. घरात कोण येतं-जातं हा एकट्या घरमालकाचा प्रश्न तेव्हाही नव्हता.

घरांची बांधणीही तशीच आहे. माचिया, म्हणजे इथलं जुन्या पद्धतीचं लाकडी घर, रस्त्याकडून चिंचोळं आणि आत लांबलचक असतं. एका कडेने मातीच्या जमिनीची बोळ थेट मागपर्यंत जाते, मध्ये उजेड-वाऱ्यापुरती छोटी बाग. शेजारच्या भिंतीला भिंत जवळजवळ लागलेली, आणि तीही बांबूच्या कामट्यांवर माती लिंपलेली. रात्री अकराचं हसणं पलीकडे स्पष्ट ऐकू जातं. आगीची धास्ती तर कायमचीच. १७८८ आणि १८६४ च्या आगींत शहराचा मोठा भाग जळाला, त्यामुळे आज दिसणारी बहुतेक माचिया १८६४ नंतरची आहेत. अनेक घरांपुढे पाण्याने भरलेली लाल बादली दिसते. ती शोभेची नव्हे, तिच्यात सिगारेट विझवू नये.

१९५० पूर्वीची अशी सुमारे ४० हजार घरं २०१६ च्या पाहणीत उरली होती. त्याआधीच्या सात वर्षांत साडेपाच हजारांहून जास्त पडली, म्हणजे दिवसाला दोन. वारसा कर आणि दुरुस्तीच्या खर्चापुढे वारसदार हात टेकतात. अख्खं घर पाहुण्यांना भाड्याने देणं हा एक मार्ग होता, पण मुक्कामाच्या जागेला स्वागतकक्षाची अट आड येत असे. २०१२ मध्ये क्योतो पालिकेने माचियांना त्यातून सूट दिली. काही घरं वाचली खरी, पण यजमान गायब झाला. किल्ली दाराशेजारच्या आकडी कुलपाच्या पेटीत, आणि मध्यरात्री बॅगा ओढत आलेले लोक शेजारच्याच घराची घंटी वाजवणार! देशात येणारे परदेशी पर्यटक २०११ मध्ये ६२ लाख होते, ते २०१८ पर्यंत तीन कोटींवर गेले.

१५ जून २०१८ पासून लागू झालेल्या देशव्यापी कायद्याने राहत्या घरात वर्षाला १८० रात्रींपर्यंत पाहुणे ठेवायला मुभा दिली. क्योतोने ती निव्वळ निवासी भागांत १५ जानेवारीच्या दुपारपासून १६ मार्चच्या दुपारपर्यंत आणली, म्हणजे कडाक्याच्या थंडीतल्या मंदीचे ६० दिवस. अटी पाळणाऱ्या माचियांना यात सवलत आहे. मात्र तक्रार आली की दहा मिनिटांत पोहोचेल असा माणूस, साधारण ८०० मीटरच्या आत, हवाच. चोचा जुना जामीनच हा, फक्त आता कायद्याच्या भाषेत.

चांगला यजमान दारातच चार गोष्टी करून दाखवतो, छापील कागदावर सोडत नाही. बॅग गल्लीच्या तोंडापासून उचलून आणायची. घरात तिची चाकं पुसायची आणि तातामीवर ती ठेवायचीच नाही, गवती चटईवर उमटलेले व्रण जात नाहीत. बूट खालच्या जमिनीवर काढून पाय थेट वरच्या फळीवर ठेवायचा. मोजे घालून खाली उतरलं की तीच माती वर येते. सपाता लाकडी जमिनीवर चालतात, तातामीवर नाहीत. अंग बाहेर धुऊन मगच टबात बसायचं आणि पाणी सोडून द्यायचं नाही, पुढच्याला त्याच पाण्यात बसायचं असतं.

बरीच भांडणं कचऱ्यावरून होतात. पाहुण्यांचा कचरा हा धंद्याचा कचरा धरला जातो. तो पालिकेच्या घरगुती पिवळ्या पिशवीत चालत नाही, यजमानाने परवानाधारक ठेकेदार लावावा लागतो. पाहुण्याने भलेपणाने पिशवी बाहेर ठेवली, की कावळे ती फाडतात आणि झाडायला शेजारीण येते.

गिओनमध्ये मुक्काम देणाऱ्याला आणखी एक काम आहे. तिथल्या खासगी गल्ल्यांमध्ये २०१९ पासून फोटो काढायला मनाई आहे आणि २०२४ मध्ये काही गल्ल्यांत पर्यटकांचा प्रवेशच बंद झाला. पाटीवर दंड १०,००० येन लिहिलेला असतो. हानामिकोजीचा मुख्य रस्ता सार्वजनिक, तो खुला. पहिल्याच दिवशी नकाशावर या गल्ल्यांवर फुली मारून द्यावी, कारण अंधारात पाटी वाचायला कुणी थांबत नाही.