कानाची मशीन : नागपुरातील श्रवणसेवेची पार्श्वभूमी

धंतोली किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या श्रवण चिकित्सालयात आजोबांना घेऊन आलेल्या मुलाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "मशीन केवढ्याची?" तपासणी कशी होणार, कानाचा साचा घ्यावा लागेल का, किती वेळा यावे लागेल, हे प्रश्न मागाहून येतात आणि पुष्कळदा येतच नाहीत. या प्रश्नाबद्दल रुग्णाच्या घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण श्रवणयंत्र ही दुकानातून विकत घेण्याची वस्तू आहे ही समजूत या व्यवसायानेच कित्येक दशके रुजवली आहे.

यंत्राचा स्वतःचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. लंडनमध्ये एफ. सी. रेन यांनी १८०० च्या सुमारास कानाला लावायचे कर्णे व्यापारी पद्धतीने बनवायला सुरुवात केली. अमेरिकेत मिलर रीझ हचिसन यांनी १८९८ मध्ये विजेवर चालणारे यंत्र तयार केले. पुढे निर्वात नळ्यांची जड यंत्रे आली आणि १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर वापरणारे पहिले श्रवणयंत्र बाजारात आले. त्यानंतर यंत्र खिशात मावू लागले आणि काही वर्षांतच कानामागेही बसू लागले. आपल्याकडे मात्र खिशातल्या डबीचे राज्य फार काळ टिकले. सदऱ्याच्या खिशात डबी, तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर आणि कापड घासले की होणारी खरखर हे चित्र नागपुरातल्या जुन्या घरांना अपरिचित नाही.

यंत्र कसे बनवायचे यापेक्षा ते कोणाच्या कानात किती आवाज देईल हे कसे ठरवायचे, हा प्रश्न अधिक अवघड होता. सॅम्युअल लायबार्गर यांनी १९४४ मध्ये मांडलेला ठोकताळा असा होता की, जितकी श्रवणक्षमता कमी झाली असेल त्याच्या सुमारे निम्मी वाढ यंत्राने द्यावी. म्हणजे साठ डेसिबलची उणीव असेल तर साधारण तीस डेसिबल. पूर्ण साठ दिले तर मोठे आवाज सहन होत नाहीत, हे त्यामागचे साधे कारण होते. दुसऱ्या महायुद्धात श्रवणशक्ती गमावलेल्या सैनिकांसाठी काम करताना रेमंड कारहार्ट यांनी एकाच रुग्णावर निरनिराळी यंत्रे लावून, शब्द किती समजतात ते मोजून निवड करण्याची पद्धत बसवली आणि ऑडिओलॉजी म्हणजे श्रवणशास्त्र ही स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली. अमेरिकेतल्या व्यावसायिक संघटनेच्या आचारसंहितेनुसार १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ऑडिओलॉजिस्टने नफ्यासाठी यंत्रे विकणे वर्ज्य होते. तपासणारा वेगळा आणि विकणारा वेगळा ही विभागणी पुढे मोडली, पण निदान तिथे तिचा विचार तरी झाला होता.

भारतात क्रम उलटा होता. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सारे शहर नुसते 'मेडिकल' म्हणते, ते १९४७ मध्ये सुरू झाले. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था मात्र १९६५ मध्ये स्थापन झाली, मुंबईच्या नायर रुग्णालयातील शिक्षणक्रमही १९६० च्या दशकातलाच, आणि वांद्र्याची कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ मधली. म्हणजे कान तपासणारे डॉक्टर शहरात होते, पण यंत्र बसवण्याचे शास्त्र शिकलेली माणसे आठशेहून अधिक किलोमीटरवर तयार होत होती आणि तीही मोजकीच. मधली पोकळी विक्रेत्यांनी भरून काढली. त्यातले काही जण अनुभवाने चांगले जाणकार झाले हे मान्य करायला हवे, परंतु ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या स्वरात किती ऐकू येते याचा आलेख, न पाहता, समोरच्याशी मोठ्याने बोलून "आता बरं वाटतं ना?" असे विचारत यंत्राचा आवाज ठरवण्याची रीत याच काळात पक्की झाली.

१९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने नोंदणी नसलेल्यांना हा व्यवसाय करण्यास मनाई केली. त्यासाठीची शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी आहे. आज एका बऱ्यापैकी डिजिटल यंत्राची किंमत पाहता त्या दंडाचा धाक कोणाला वाटेल, हे वाचकांनीच ठरवावे.

शासनाच्या योजनांनीही वस्तूवरच भर दिला. दिव्यांगांसाठीच्या १९८१ पासूनच्या 'ॲडिप' योजनेतून आणि ज्येष्ठांसाठीच्या २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरजूंना यंत्रे मिळाली, कानपूरच्या 'अलिम्को' या सरकारी कंपनीने ती पुरवली, आणि ज्यांना एरवी काहीच मिळाले नसते त्यांना काहीतरी मिळाले. शिबिरात यंत्र हातात पडते. पण महिन्याभराने यंत्रातून शिट्टी वाजू लागली तर कोणाकडे जायचे, याचे उत्तर लाभार्थ्याला क्वचितच मिळते. अशी यंत्रे कपाटात जाऊन पडतात.

बसवण्याचे काम खरोखर काय असते, हे नागपूरच्या रुग्णांवरून चांगले कळते. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलपासून या शहराला मागांच्या खडखडाटाची सवय आहे. आता गिरण्या नाहीत, पण कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रे आणि उमरेड-सावनेरच्या कोळसा खाणी आहेत. सतत गोंगाटात काम केलेल्या माणसाचा ऑडिओग्राम खालच्या स्वरांत ठीक असतो आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास एकदम खाली कोसळतो. उंच स्वरांतच स, श, फ, थ यांसारखी व्यंजने असतात, म्हणून असा माणूस सांगतो, "ऐकू येते, पण समजत नाही." त्याला सरसकट मोठा आवाज देणारे यंत्र दिले तर त्रास वाढतो. १९९६ च्या सुमारास आलेल्या पूर्ण डिजिटल यंत्रांनी प्रत्येक स्वरपट्टीत वेगळी वाढ देणे सोपे केले, कोणत्या स्वरात किती वाढ द्यायची हे ठरवणारी ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेची 'नाल' सूत्रे संगणकात आली, आणि कानाच्या पोकळीत बारीक नळी घालून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो ते मोजण्याची सोय झाली. ही मोजणी न करता केवळ संगणकाने सुचवलेले आकडे यंत्रात भरणारी चिकित्सालये आजही आहेत, आणि ती जुन्या दुकानापेक्षा फारशी वेगळी नाहीत.

त्यातच नागपूरची हवा. फेब्रुवारीत शांत खोलीत बसवलेले यंत्र एप्रिलमध्ये नकोसे होते, कारण घरात कूलर सुरू झालेला असतो. त्याची घरघर यंत्रात शिरते आणि समोर बसलेली सून काय म्हणते ते कळत नाही. कूलरसमोर बसण्याऐवजी त्याच्याकडे पाठ करून बसणे, त्या परिस्थितीसाठी वेगळा प्रोग्रॅम घालून देणे, हे उपाय दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच सुचतात. झिंक-एअर सेलचेही तसेच आहे. वरची चिकटपट्टी काढली की हवा आत जाऊन सेल सुरू होतो आणि पट्टी पुन्हा लावल्याने तो थांबत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत त्यातला ओलावा उडून तो लवकर संपतो. "सेल खराब दिला" अशी तक्रार घेऊन आलेल्या काकूंना हे समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात, आणि त्या दहा मिनिटांचे पैसे कोणी घेत नाही.

इथेच व्यवसायाची जुनी गाठ आहे. तपासणीचे नाममात्र शुल्क, बाकी सारे यंत्राच्या किमतीत, हा हिशेब विक्रेत्यांच्या काळापासून चालत आला आहे आणि पदवीधर ऑडिओलॉजिस्टांनीही तो तसाच उचलला, कारण वेगळे शुल्क सांगितले की रुग्ण पलीकडच्या गल्लीत जातो. परिणामी ज्याचा वेळ सर्वांत जास्त लागतो अशा रुग्णाने स्वस्त यंत्र घेतले तर तो तोट्याचा ठरतो, आणि महागडे यंत्र सुचवण्याचा मोह प्रामाणिक माणसालाही होतो. शहरातल्या मोजक्या चिकित्सालयांनी मोजणी, साचा आणि पुढच्या भेटी यांचे दर वेगळे लिहायला सुरुवात केली आहे. बाकीच्यांच्या बिलावर अजून एकच ओळ असते, यंत्राचे नाव आणि त्यापुढे किंमत.