हिरव्या चौकोनावरचा टॅप आणि पाठीवरचा खो

पोलीस भरतीसाठी घाम गाळणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या पोरांमध्ये मोबाईलवरची एक चाचणी फार चालते. स्क्रीन लाल असते, हिरवी झाली की टॅप करायचं. लगेच आकडा येतो: 230, 260, कुणाचा 210 मिलिसेकंद. ज्याचा आकडा कमी तो चपळ, त्यालाच खो-खोच्या संघात घ्या, असं म्हणणारे प्रशिक्षकही भेटतात. मला हे पटत नाही. ही चाचणी एक गोष्ट मोजते आणि खो-खोचं मैदान दुसरीच मागतं.

मोबाईल मोजतो तो साधा प्रतिक्रियाकाळ. इशारा एकच, त्यावर करायची कृतीही एकच आणि आधीच ठरलेली. इशारा कधी येईल एवढंच माहीत नसतं. 100 मीटरच्या धावेची सुरुवात याच जातीची. तरुण माणसाला प्रकाश पाहून हलायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात, आवाज ऐकून त्याहून कमी, दीडशेच्या आसपास. आंतरराष्ट्रीय शर्यतीत बंदुकीनंतर 100 मिलिसेकंदांच्या आत हललेला धावपटू बाद ठरतो, कारण इतक्या लवकर आवाज ऐकून हलणं माणसाला जमत नाही असं नियमच धरून चालतो.

निवडीचा प्रतिक्रियाकाळ म्हणजे इशारे अनेक आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं. पाठीवर थाप पडते, ‘खो’ ऐकू येतो, इथपर्यंत गोष्ट साधीच आहे. पण उठताना डावीकडे जायचं की उजवीकडे, हे पळणाऱ्याला पाहून ठरवायचं असतं. शिवाय एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत, नाहीतर पुढचा खो देईपर्यंत, ती बदलता येत नाही. बाहेरून ‘पय रे पय!’ असा कितीही आरडाओरडा झाला तरी चुकलेली निवड दुरुस्त होत नाही.

हा फरक पहिल्यांदा नीट मोजला तो नेदरलँड्समधल्या उट्रेक्टचे शास्त्रज्ञ फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी, 1860च्या दशकात. पायाला विजेचा हलका झटका द्यायचा आणि त्याच बाजूच्या हाताने उत्तर घ्यायचं. कोणत्या पायाला झटका बसणार हे आधी माहीत असताना लागणारा वेळ आणि माहीत नसताना लागणारा वेळ यांत सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागाचा फरक पडला. तो फरक म्हणजे मनाला निवडायला लागलेला वेळ, असं त्यांनी मांडलं. पुढे लोकांनी त्या वजाबाकीवर आक्षेप घेतले. माणूस निवडीच्या कामाला लागला की बाकीच्या पायऱ्याही बदलतात, हा त्यातला मुख्य. तरी मोजण्याची कल्पना टिकली. डोंडर्स यांनी एक तिसरा प्रकारही पाहिला होता: इशारे अनेक, पण उत्तर एकालाच द्यायचं, बाकीच्यांना गप्प बसायचं. त्याचा वेळ या दोघांच्या मधे येतो. ‘फक्त निळ्यावर टॅप करा’ असले खेळ या तिसऱ्या खान्यातले, त्यांना निवडीची चाचणी समजू नये.

निवडीचा वेळ कशाने वाढतो? सगळ्यात आधी पर्यायांच्या संख्येने. जर्मनीत मेर्केल यांनी 1885 मध्ये एकापासून दहापर्यंत पर्याय देऊन पाहिले. वेळ 200 मिलिसेकंदांच्या आतून 600च्या घरात गेला. पण ही वाढ सरळ रेषेत होत नाही. 1952 मध्ये हिक यांनी आणि 1953 मध्ये हायमन यांनी दाखवलं की पर्याय दुप्पट झाले की वेळात साधारण ठराविक भर पडते: दोनाचे चार झाले तरी तेवढीच, चाराचे आठ झाले तरी तेवढीच.

हायमन यांचा दुसरा निष्कर्ष मला मैदानासाठी जास्त मोलाचा वाटतो. पर्याय तेवढेच असले, पण त्यातला एक वारंवार येत असला, तर त्याला उत्तर झटकन जातं आणि क्वचित येणाऱ्याला उशिरा. चांगला पळणारा नेमकं हेच साधतो. चार वेळा डावीकडे जातो, पाठलाग करणाऱ्याला डाव्याची सवय लावतो आणि पाचव्यांदा उजवीकडे निघतो. हुलकावणी म्हणतात ती हीच.

इशारा आणि कृती यांचा मेळ ही तिसरी बाब. डाव्या दिव्याला डाव्या हाताचं बटण असेल तर उत्तर लवकर येतं, उलटं केलं की उशीर होतो आणि चुकाही वाढतात. फिट्स आणि सीगर यांनी 1953 मध्ये हे मांडलं. 1959 मध्ये लेनर्ड यांनी बोटालाच कंप दिला आणि त्याच बोटाने उत्तर घेतलं, तेव्हा पर्याय वाढवूनही वेळ जवळजवळ वाढला नाही. सरावाचंही तसंच. मोब्रे आणि ऱ्होड्स यांनी त्याच वर्षी एकाच व्यक्तीकडून 40,000हून जास्त उत्तरं घेतली, आणि दोन व चार पर्यायांतला फरक पुसला गेला. म्हणून दिशा निवडण्याचा सराव खऱ्या पळणाऱ्यासमोरच व्हायला हवा, हिरव्या चौकोनासमोर बसून तो होत नाही.

घाई केली की वेळ घटतो आणि चुका वाढतात, तेव्हा चुकांशिवायचा नुसता आकडा अर्धाच समजावा. अपुरी झोप आणि दारू यांचा परिणाम दोन्ही काळांवर होतो. वयाचा मात्र वेगळा. डेर आणि डीअरी यांनी 2006 मध्ये ब्रिटनच्या मोठ्या सर्वेक्षणातून दाखवलं की साधा काळ पन्नाशीपर्यंत फारसा ढळत नाही, निवडीचा मात्र तरुणपणापासूनच हळूहळू वाढत जातो.

सुरत-नागपूर महामार्गावर भुसावळकडून येताना केळीने भरलेला ट्रक अचानक समोर वळला, तर ब्रेक दाबायचा, बाजूला घ्यायचं की हॉर्न देऊन पुढे जायचं, ही निवडच असते, आणि तीही अनपेक्षित. भारतीय रस्त्यांच्या मानकांत चालकाला पाहून ब्रेक दाबायला 2.5 सेकंद धरतात. ताशी 80 किलोमीटरने तेवढ्या वेळात गाडी सुमारे 55 मीटर पुढे गेलेली असते. मोबाईलवर 210 आला म्हणून तिथे 210 मिलिसेकंदांत पाय पडेल, असं कोणत्याही चालकाने धरून चालू नये.

संघ निवडायचा असेल तर दोन फूटपट्ट्या घ्या. आधी एकच पट्टी उभी धरून सोडा आणि मुलाला खालून चिमटीत पकडायला सांगा. 20 सेंटिमीटर पडली की 200 मिलिसेकंद, 30 पडली की सुमारे 250. मग दोन्ही हातांसमोर एकेक पट्टी धरा, कोणती सोडणार ते सांगू नका, आणि जी सुटली तीच पकडायला सांगा. दुसरी मूठ मिटली तर चूक धरा. प्रत्येकाला वीस-वीस संधी द्या, अंतराबरोबर चुकाही वहीत मांडा. मोबाईलच्या यादीतला पहिला मुलगा या यादीत पहिला असेलच असं नाही.