माहितीचा अर्ज आणि ग्रंथालयाची खिडकी

ऐरोलीचा एक मुलगा एकदा आमच्या ग्रंथालयात आला. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, प्रकल्पाचा विषय ठाणे खाडी. मी तेव्हा नवी मुंबईतल्या एका सरकारी कार्यालयाच्या पर्यावरण संदर्भ ग्रंथालयात नोकरीला होते. त्यानं सॅकमधून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, जोडपत्र 'अ', वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प नीट डकवलेला. मजकूर असा: 'आमच्या भागात खाडीचं पाणी काळं का दिसतं, त्याला जबाबदार कोण आणि माशांवर त्याचा काय परिणाम होतो, याची संपूर्ण माहिती मिळावी.'

मी विचारलं, "हे कशाला हवंय तुला?"

तो एकदम ताठरला. "मॅडम, कारण विचारता येत नाही. कायद्यात आहे."

"बरोबर आहे तुझं. पण ते माहिती अधिकाऱ्याला लागू. मला सांगितलं नाहीस तर मी शोधू काय?"

मग कळलं, हाच मजकूर त्यानं आधी दुसऱ्या एका कार्यालयाला पाठवला होता. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं: 'मागितलेली बाब प्रश्नार्थक स्वरूपाची असून अभिलेखात उपलब्ध नाही.' उत्तर नियमाला धरून होतं. तरी ते वाचून मला वाईट वाटलं, कारण 'बाळा, तुझं काम ग्रंथालयात होईल' एवढी एक ओळ लिहायला कुणाचं काहीच गेलं नसतं. पोराचा महिना गेला.

माहितीचा अर्ज आणि ग्रंथालय यांची अशी गल्लत करणारे लोक मला नोकरीत सतत भेटले, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. दोन्हीकडे 'माहिती'च मिळते, दोन्ही सोयी अनेकदा एकाच सरकारी इमारतीत असतात. शिवाय ठाण्यात ग्रंथालय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर 1893 साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय येतं: वर्गणी भरायची, कादंबरी घरी न्यायची. सरकारी कार्यालयातही ग्रंथालय असतं आणि तिथे खाडीच्या पाण्याबद्दल विचारता येतं, हे सहसा कुणाच्या मनातच येत नाही.

फरक आकड्यांतून चटकन कळतो. कारखान्याचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी बाहेर सोडताना त्याची बीओडी, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप), किती असावी याची सर्वसाधारण मर्यादा पर्यावरण संरक्षण नियमांत छापलेली आहे: नदीनाल्यात सोडायचं तर लिटरमागे 30 मिलिग्रॅम, किनाऱ्यालगतच्या समुद्री पाण्यात 100. ही झाली प्रसिद्ध झालेली माहिती. ग्रंथालयात मागा, पाच मिनिटांत पान उघडून हातात मिळेल. पण तुमच्या घरामागच्या कारखान्याला मिळालेल्या संमतीपत्रात कोणती अट घातली आहे, आणि अमुक तारखेला तिथून घेतलेल्या नमुन्यात प्रत्यक्षात किती बीओडी निघाली, हे त्या कार्यालयाच्या फायलीत असतं. कार्यालयानं ते स्वतःहून संकेतस्थळावर टाकलं असेल तर उत्तमच, नाहीतर त्यासाठी अर्ज. आणि खाडीचं पाणी काळं का पडतं हे तर फायलीतही नसतं आणि नियमांतही नसतं. ते शोधनिबंधांत असतं, विद्यापीठांतल्या प्रबंधांत असतं, म्हणजे पुन्हा ग्रंथालयात.

2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानं नागरिकाला कार्यालयाकडे असलेली कागदपत्रं मागण्याचा हक्क दिला. प्रती मागा, फायली प्रत्यक्ष बसून बघा, टिपणं काढा, साहित्याचे प्रमाणित नमुनेसुद्धा मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, नाही मिळालं तर अपील आहे. मात्र नसलेली माहिती तयार करणं, कारणमीमांसा करणं, मत देणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम नाही. सर्वोच्च न्यायालयानंही 2011 मध्ये ते स्पष्ट केलं आहे. त्यात महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. त्यामुळे कोणत्या कागदाची प्रत हवी हे अर्जदाराला आधीच ठाऊक असावं लागतं.

ग्रंथालयात हे ओझं आमच्या डोक्यावर असतं. वाचक येतो तेव्हा त्याच्याकडे नुसती काळजी असते, कागदाचं नाव नसतं. आम्ही विचारत जातो: कुठली जागा? कुठली वर्षं? पाणी, की गाळ, की मासे? परीक्षेसाठी, की सोसायटीच्या तक्रारीसाठी? त्याला आम्ही संदर्भ सेवा म्हणतो, आणि माझ्या मते सगळ्या ग्रंथालयाचा जीव त्यातच आहे. एकाच विषयावर आजवर कोणी काय लिहिलंय ते हुडकून यादी करून देणं, आपल्याकडे नसलेला अहवाल दुसऱ्या ग्रंथालयाकडून उसना मागवणं, जुन्या अंकातला लेख झेरॉक्स करून देणं, ही कामं त्यानंतरची. 'कशाला हवंय?' हा प्रश्न म्हणूनच एका खिडकीवर विचारू नये आणि दुसऱ्या खिडकीवर विचारलाच पाहिजे. सरकारी इमारतीत तो कानावर पडला की माणूस संशय घेतो, हे मला कळतं. पण आमच्याकडे त्यात चौकशी नसते.

त्या मुलासमोर मी दोन अहवाल उघडून ठेवले. बीओडीचे आकडे बघून तो म्हणाला, "आधी जास्त, नंतर कमी. म्हणजे सुधारणा झाली." मी त्याला तक्त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या टिपा वाचायला लावल्या. एका अहवालातली चाचणी 20 अंशांवर पाच दिवस ठेवून केलेली, दुसऱ्यातली 27 अंशांवर तीन दिवस. पद्धत वेगळी असल्यामुळे दोन आकडे नुसते शेजारी ठेवून सुधारणा झाली असं म्हणता येत नाही. त्यानं वहीत केलेली बेरीज-वजाबाकी खोडली आणि तळटीप जशीच्या तशी उतरवून घेतली. अर्ज करून हे दोन तक्ते त्याला मिळालेही असते, पण त्या टिपेवर बोट ठेवणारं कुणी त्याच्या शेजारी बसलेलं नसतं.

आता दोन्हीकडे सापडू शकणारा एक कागद. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 67-अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाचा सद्यस्थिती अहवाल सभागृहासमोर ठेवायचा असतो. ठाणे काय, नवी मुंबई काय, दोन्ही महापालिकांना हे लागू आहे. हा अहवाल सार्वजनिकच आहे, त्यामुळे आधी संकेतस्थळ आणि ग्रंथालय बघावं. मधलंच एखादं वर्ष कुठेच मिळालं नाही, तर खुशाल अर्ज करावा.

याच्या उलटही असतं. काही गोष्टी अर्ज करून मिळतच नाहीत. परदेशी नियतकालिकातला लेख कार्यालयाच्या कपाटात असला तरी त्यावर हक्क प्रकाशकाचा. असा स्वामित्वहक्क भंग होणार असेल तर अर्ज नाकारता येतो, माहिती अधिकाराच्या कायद्यात तसं कलम 9 आहे. तोच लेख ग्रंथालयात बसून वाचायला कुणाची हरकत नसते. आणि ठाणे जिल्ह्याचं 1882 चं गॅझेटियर, ज्यात खाडीकाठच्या मिठागरांची वर्णनं आहेत, त्याच्यासाठी कुणी माहिती अधिकाऱ्याकडे गेलं तर तो बिचारा काय करणार?

अमेरिकेतलं उदाहरण मला नेहमी आठवतं. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, ईपीएची, ग्रंथालयांची साखळी आहे. सिनसिनाटीच्या संशोधन केंद्रातलं ग्रंथालय त्यातलंच. संस्थेच्या शास्त्रज्ञांचं काम आधी, पण सामान्य माणसाच्या प्रश्नालाही तिथे उत्तर मिळतं, पुस्तकं इतर ग्रंथालयांमार्फत उसनी मिळतात, आणि संस्थेची हजारो जुनी प्रकाशनं स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. ती आपल्याला इथे ठाण्यात बसूनही वाचता येतात. 2006 मध्ये खर्चकपातीत शिकागो, डॅलस आणि कॅन्सस सिटीची ग्रंथालयं बंद झाली, वॉशिंग्टनमधल्या मुख्यालयाच्या ग्रंथालयाचं दारही वाचकांना बंद झालं. माहिती मागण्याचा कायदा त्या देशात 1966 सालापासून आहे, तरी शास्त्रज्ञ आणि ग्रंथपाल ग्रंथालयांसाठी भांडले. शेवटी संसदेनं सांगितल्यावर 2008 मध्ये ती पुन्हा उघडली. कारण तिथेही अर्जात कोणता कागद हवा ते ओळखू येईल असं सांगावं लागतं, आणि एखादा कागद अस्तित्वात आहे हेच कळलं नाही तर माणूस मागणार काय?

आपल्या कायद्यातही या दोघांची गाठ घालून दिलेली आहे, ती फारशी कुणी वाचत नाही. प्रत्येक कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायच्या गोष्टींत, कलम 4(1)(ख) च्या पंधराव्या उपखंडात, नागरिकांना माहिती मिळवण्यासाठी असलेल्या सुविधांचा तपशील येतो. त्यात लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष असेल तर त्याच्या कामाच्या वेळाही आल्या. म्हणून कुठल्याही कार्यालयात गेलात तर आधी या माहितीचा फलक शोधा, नाही दिसला तर स्वागतकक्षात विचारा. ग्रंथालय आहे हे त्या माणसालाही कधीकधी माहीत नसतं, तेव्हा जरा नेट लावून विचारा.

तो मुलगा आमच्याकडे तीन दुपारी येऊन बसला. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे शोधनिबंधांची यादी होती, आणि पाण्याचे नमुने नेमकं कोण घेतं, कुठे नोंदवतं हेही त्याला कळलं होतं. मग त्यानं माझ्या टेबलावरच नवा अर्ज लिहिला: 'आपल्या कार्यालयानं मागील तीन वर्षांत ऐरोलीजवळ खाडीतून घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांच्या प्रयोगशाळा तपासणी अहवालांच्या प्रती मिळाव्यात.' माशांचं वाक्य त्यानं गाळलं, त्याचं उत्तर वहीत आलेलं होतं. जुन्या कागदावरचा स्टॅम्प काढायला गेला तर तो फाटला. मी ड्रॉवरमधला एक दिला.